एका मिलिमीटरात एक कोटी

पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्राच्या खोक्यावर पुष्कळदा ‘०.०००१ मायक्रॉन’ असा आकडा छापलेला असतो. आरओच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक आहेत, असं ग्राहकाला सांगायचं असतं. ग्राहकही ‘फार बारीक’ एवढाच बोध घेऊन पुढे जातो. याच आकड्याचं एकक बदलून पाहिलं तर मात्र थबकायला होतं. एका मायक्रॉनमध्ये दहा हजार अँगस्ट्रॉम असतात. तेव्हा ०.०००१ मायक्रॉन म्हणजे नेमका एक अँगस्ट्रॉम. आणि पाण्याच्या रेणूची रुंदी भरते साधारण पावणेतीन अँगस्ट्रॉम. मग एक अँगस्ट्रॉमच्या छिद्रातून पाणी जाईल कसं?

उत्तर असं की आरओच्या पडद्याला ठरावीक मापाची भोकं नसतातच. पॉलिअमाइडच्या अतिशय पातळ थरात पाण्याचे रेणू शिरतात, दाबाच्या जोरावर त्यातल्या मोकळ्या जागांमधून सरकत पलीकडे जातात आणि बहुतेक क्षार अलीकडे राहतात. खोक्यावरचा आकडा हे छिद्राचं मोजलेलं माप नव्हे; ती त्या प्रकारच्या गाळणीची ओळख झाली आहे. त्याच दुकानात ‘यूएफ’, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, लिहिलेलं यंत्रही असतं. त्यावर ०.०१ मायक्रॉन असतं, म्हणजे शंभर अँगस्ट्रॉम. इथे छिद्रं खरी असतात आणि आकड्याला अर्थ असतो. पोलिओचा विषाणू सुमारे तीनशे अँगस्ट्रॉमचा, जिवाणू तर दहा-वीस हजार अँगस्ट्रॉम लांब, दोघेही अडतात. पाण्यात विरघळलेलं मीठ मात्र सरळ पार होतं. बोअरवेलचं खारं पाणी यूएफने गोड का होत नाही, हे एकक बदलण्याच्या दोन ओळींच्या गणिताने समजतं.

अणूंच्या जगातली लांबी रोजच्या मापात आणण्याचं कौशल्य त्यासाठीच हवं. अकरावीचा विद्यार्थी, प्रयोगशाळेत नुकता रुजू झालेला संशोधक, विज्ञानाची बातमी लिहिणारा पत्रकार, सगळ्यांना ते कधी ना कधी लागतं. पाठ्यपुस्तकात ते दहाच्या उणे घातांनी शिकवलं जातं. ती पद्धत बिनचूक आहे, पण अंदाज बांधायला मराठी वाचकाच्या हाताशी त्याहून जवळचं साधन आहे: लाख आणि कोटी.

एका नॅनोमीटरमध्ये दहा अँगस्ट्रॉम. एका मायक्रॉनमध्ये, म्हणजेच मायक्रोमीटरमध्ये, दहा हजार. एका मिलिमीटरमध्ये एक कोटी. एका सेंटिमीटरमध्ये दहा कोटी. आणि एका मीटरमध्ये एक हजार कोटी. जुन्या अंकगणितात अब्जाच्या पुढे जो खर्व येतो, तेवढे. या पाच ओळी पाठ असल्या की उणे घात न लिहिताही बरीच वाट चालता येते. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला तर तो सात लाख अँगस्ट्रॉम जाड. हवेच्या प्रदूषणाच्या बातमीतला ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. तो पंचवीस हजार अँगस्ट्रॉमपर्यंत मोठा असू शकतो. अणू स्वतः एक ते पाच अँगस्ट्रॉमच्या घरातले. म्हणजे प्रदूषणाचा तो ‘सूक्ष्म’ कणही अणूंच्या हिशोबात एका दिशेने हजारो अणूंची रांग आहे.

खालच्या बाजूला पिकोमीटर आहे. रुपयाचे शंभर पैसे तसे एका अँगस्ट्रॉमचे शंभर पिकोमीटर. हिऱ्यातल्या दोन कार्बन अणूंमधलं अंतर १.५४ अँगस्ट्रॉम, म्हणजे १५४ पिकोमीटर, म्हणजेच ०.१५४ नॅनोमीटर. त्याहीखाली फेम्टोमीटर येतो, एका अँगस्ट्रॉमचा एक लाखावा भाग. तो अणुकेंद्रकांच्या अभ्यासकांचा प्रांत. तेच त्याला फर्मी असंही म्हणतात.

आता शून्यांविषयी. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहाचा उणे दहावा घात, हे पाठ असलेला विद्यार्थीही तो दशांश रूपात लिहिताना हमखास दहा शून्यं देऊन मोकळा होतो. दशांश चिन्हानंतर शून्यं नऊच यायला हवीत. दहावी जागा एकची. तेव्हा १.५४ अँगस्ट्रॉम मीटरमध्ये लिहिताना चिन्हापुढे नऊ शून्यं आणि मग १५४. हाच घोळ गणकयंत्रावर वेगळ्या रूपात होतो. गणकयंत्रात घातांकाचं बटण दाबलं की ‘गुणिले दहाचा घात’ त्यातच आलेला असतो. त्याआधी पुन्हा ‘गुणिले दहा’ दाबणारे विद्यार्थी दहापट मोठं उत्तर काढतात. दहापटीची चूक या मापांत फार फसवी असते, कारण दोन्ही उत्तरं सारखीच इवलीशी दिसतात. म्हणून बटणं दाबण्याआधी अंदाज करून ठेवावा: अणूंमधलं अंतर आहे ना? मग नॅनोमीटरमध्ये ते एकाहून लहान यायलाच हवं.

हे एकक आलं कुठून, ते ठाऊक असलं तर त्याचे कंगोरेही कळतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले आंदेर्स योनास अँगस्ट्रॉम यांनी १८६८ साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हजाराहून अधिक काळ्या रेषांच्या तरंगलांबी होत्या, आणि त्या मांडण्यासाठी त्यांनी मिलिमीटरचा एक कोटीवा भाग हे माप घेतलं होतं. पुढे त्याच मापाला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे ‘एका मिलिमीटरात एक कोटी’ ही त्या एककाची मूळ व्याख्याच आहे.

त्याच वर्षी १८ ऑगस्टला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला होते, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटमापक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये तेजस्वी रेषा दिसल्या. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या इतकी लगत होती की ती सोडियमचीच वाटावी. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमवर, आणि ही नवी ५८७६ वर. फरक चौदा अँगस्ट्रॉमचा, मिलिमीटरच्या एक कोटी भागांपैकी फक्त चौदा. त्याच ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी तो फरक पक्का केला आणि त्यातून हीलियम हे नवं मूलद्रव्य सुचलं; पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडलं. आजच्या पुस्तकात याच रेषा ५८९.०, ५८९.६ आणि ५८७.६ नॅनोमीटर अशा दिसतात. दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकलं, एवढंच.

पण अँगस्ट्रॉम यांच्या आकड्यांत एक दोष राहिला होता. त्यांनी ज्या मीटरपट्टीवर भिस्त ठेवली, ती खऱ्या मीटरहून सहा हजारांत सुमारे एक भाग चुकीची होती. ५८९० अँगस्ट्रॉमच्या रेषेवर ही चूक जवळजवळ पूर्ण एक अँगस्ट्रॉम होते. हा धडा आजही लागू आहे: एकक बदलण्याचं गणित अचूक असूनही मूळ मोजणीचा पाया हलका असेल तर उत्तर चुकतं. म्हणून १९०७ साली खगोलशास्त्रज्ञांनी पट्टीचा आधार सोडला. कॅडमियमच्या तांबड्या रेषेची हवेतली तरंगलांबी ६४३८.४६९६ अँगस्ट्रॉम धरायची, असं त्यांनी ठरवलं. १९६० साली तर मीटरचीच व्याख्या क्रिप्टॉनच्या नारिंगी रेषेवरून झाली, आणि १९८३ पासून ती प्रकाशाच्या वेगावरून होते.

कोटीच्या हिशोबाची खरी मजा डीएनएमध्ये येते. डीएनएच्या दुहेरी सर्पिलात बेसच्या एका जोडीपासून पुढच्या जोडीचं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम. माणसाच्या एका पेशीत दोन्ही पालकांकडून आलेल्या मिळून सुमारे ६४० कोटी जोड्या. गुणाकार केला की २१७६ कोटी अँगस्ट्रॉम. मीटर म्हणजे हजार कोटी. तेव्हा लांबी झाली २.१७६ मीटर, उंच माणसाहूनही जास्त. आणि हा धागा मावतो पाच-दहा मायक्रॉन व्यासाच्या केंद्रकात, म्हणजे पन्नास हजार ते एक लाख अँगस्ट्रॉममध्ये. कागदावर एकही उणे घात न लिहिता हे गणित तोंडी होतं. वर्गात पहिल्यांदा एककं शिकवताना शिक्षकांनी हेच उदाहरण घ्यावं. मुलांना आकड्यामागची वस्तू दिसते.

लांबीचं क्षेत्रफळ किंवा घनफळ झालं की मात्र सावध व्हायला हवं. इथे सर्वांत जास्त गुण जातात. एका नॅनोमीटरमध्ये दहा अँगस्ट्रॉम खरे, पण एका चौरस नॅनोमीटरमध्ये शंभर चौरस अँगस्ट्रॉम आणि एका घन नॅनोमीटरमध्ये हजार घन अँगस्ट्रॉम. लांबीचा गुणक जितक्या मितींचं माप, तितक्या वेळा लावायचा.

स्वयंपाकघरातल्या मिठावरच हे करून पाहावं. मिठाच्या स्फटिकाचा सर्वांत लहान, पुन्हा पुन्हा येणारा घन ५.६४ अँगस्ट्रॉम बाजूचा असतो आणि त्यात सोडियम-क्लोरीनच्या चार जोड्या असतात. ५.६४ चा घन १७९.४. सेंटिमीटरमध्ये दहा कोटी अँगस्ट्रॉम, म्हणजे दहाचा आठवा घात. त्याचा घन झाला दहाचा चोविसावा घात. म्हणून या इवल्या घनाचं घनफळ १७९.४ भागिले दहाचा २४ वा घात, इतके घन सेंटिमीटर. आता वस्तुमान. मिठाच्या एका मोलचं वस्तुमान ५८.४४ ग्रॅम आणि एका मोलमध्ये जोड्या ६.०२२ गुणिले दहाचा २३ वा घात. चार जोड्यांचं वस्तुमान घेऊन घनफळाने भागलं की दहाचे ते महाकाय घात एकमेकांना जवळजवळ खातात आणि उरतं २३३.७६ भागिले १०८.०३, म्हणजे २.१६. एका घन सेंटिमीटरला २.१६ ग्रॅम ही मिठाची घनता कुठल्याही तक्त्यात सापडेल. अणूंच्या मापापासून निघून माणूस तराजूच्या मापापर्यंत पोचतो आणि उत्तर जुळतं. घनफळात लांबीचाच गुणक लावला असता, तर उत्तर कोटीच्या पटीत भरकटलं असतं आणि चूक तिथेच उघडी पडली असती. एकक बदलल्यावर ओळखीच्या एखाद्या राशीशी पडताळा घ्यावा, ही सवय यासाठीच मोलाची.

हेच गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलट दिशेने केलं जात होतं. घनता तराजूने मोजायची आणि तिच्यावरून अणूंमधलं अंतर काढायचं. त्यासाठी लागणारी मोलमधली संख्या भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांच्या तेलथेंबाच्या प्रयोगातल्या इलेक्ट्रॉनच्या प्रभारावरून येत असे. त्या प्रयोगात हवेच्या चिकटपणाचा आकडा थोडा कमी धरला गेला होता, त्यामुळे प्रभार सुमारे ०.६ टक्का कमी आणि मोलमधली संख्या तितकीच जास्त निघाली. घनमूळ घेतल्यावर ती चूक अंतरात ०.२ टक्का होऊन उतरली. स्वीडनचे मान्ने सीगबान यांनी क्ष-किरणांची तरंगलांबी मोजण्यासाठी कॅल्साइटच्या स्फटिकातल्या अशाच अंतरावर बेतलेलं स्वतंत्र ‘एक्स एकक’ वापरलं होतं. एक हजार एक्स एककं म्हणजे एक अँगस्ट्रॉम, असा त्या काळचा समज. प्रत्यक्षात ती १.००२ अँगस्ट्रॉम भरतात. स्फटिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी १९४७ साली १.००२०२ हा गुणक जाहीर केला. म्हणून त्याआधीच्या स्फटिकशास्त्राच्या लेखात ‘अँगस्ट्रॉम’ छापलेलं असलं तरी ते बहुधा हजार एक्स एककं असतात. जुन्या तक्त्यात मिठाचा घन ५.६२८ दिसतो, त्याला १.००२०२ ने गुणलं की ५.६३९ येतं, म्हणजे आजचंच माप. ग्रंथालयातला जुना खंड समोर असेल तर आकड्याआधी छपाईचं साल पाहावं. जुन्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत ‘मिलिमायक्रॉन’ भेटतो, पण त्याची चिंता नको, तो नॅनोमीटरच.

भागाकाराच्या खाली बसलेलं एकक हा आणखी एक चकवा. ताऱ्याच्या प्रकाशाची तीव्रता खगोलशास्त्रात ‘प्रति अँगस्ट्रॉम’ देतात. ती ‘प्रति नॅनोमीटर’ करायची तर दहाने भागायचं नाही, गुणायचं. नॅनोमीटर दहापट रुंद, त्यात प्रकाशही दहापट मावतो. क्ष-किरण विकिरणाच्या आलेखात आडव्या अक्षावर ‘प्रति अँगस्ट्रॉम’ असेल तर तिथेही हेच. ऊर्जेच्या सूत्रात एकक स्थिरांकात दडलेलं असतं: तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये असेल तर १२४० ला तिने भागून ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते, अँगस्ट्रॉममध्ये असेल तर १२,४०० ला. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणाची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, त्याची ऊर्जा आठ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरा वर. आठशे आलं तर स्थिरांक चुकीचा घेतला.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी सर्वांत महागडी चूक बोर एककाची. हायड्रोजन अणूच्या बोर प्रतिमानातली त्रिज्या, ०.५२९१७७ अँगस्ट्रॉम, हे पुंजरसायनातलं लांबीचं नैसर्गिक माप आहे. काही आज्ञावली अणूंची स्थानं अँगस्ट्रॉममध्ये मागतात, काही बोरमध्ये, आणि दोन्ही आकडे दिसायला सारखे असतात. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणूंमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम, म्हणजे १.४० बोर. कुणी ०.७४ भरलं आणि आज्ञावलीने ते बोर समजून घेतलं, तर अणू ०.३९ अँगस्ट्रॉमवर येऊन बसतात आणि निघालेली ऊर्जा निरर्थक ठरते. प्रथिनांच्या रचना साठवणाऱ्या प्रोटीन डेटा बँकेत सगळी स्थानं अँगस्ट्रॉममध्ये असतात, तर ग्रोमॅक्स ही रेणूंच्या हालचालींची आज्ञावली नॅनोमीटर वापरते. फाइल एकीकडून दुसरीकडे नेली की पाण्याच्या रेणूतलं ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर तपासावं. ०.९६ दिसलं तर अँगस्ट्रॉम, ०.०९६ दिसलं तर नॅनोमीटर, १.८ च्या आसपास दिसलं तर बोर. इतकी साधी तपासणी काही दिवसांची गणना वाया जाण्यापासून वाचवते.

वर्तमानपत्राच्या वाचकाला अँगस्ट्रॉम अलीकडे चिपांच्या बातम्यांत भेटतो. इंटेलने आपल्या तंत्रज्ञानाला ‘१८ ए’ नाव दिलं आहे. त्यातला ‘ए’ अँगस्ट्रॉमचा, आणि १८ अँगस्ट्रॉम म्हणजे १.८ नॅनोमीटर. सिलिकॉनच्या स्फटिकातला घन ५.४३ अँगस्ट्रॉम बाजूचा असतो, तेव्हा १८ अँगस्ट्रॉममध्ये असे साडेतीनसुद्धा बसत नाहीत. बातमी वाचून चिपवरचे ट्रान्झिस्टरच एवढे झाले असं वाटतं, पण तसं नाही. ‘३ नॅनोमीटर’ म्हणवणाऱ्या चिपांमध्येही शेजारच्या दोन गेटांमधलं अंतर चाळीस-पन्नास नॅनोमीटर, म्हणजे चारशे-पाचशे अँगस्ट्रॉम असतं. ही नावं तंत्रज्ञानाच्या पिढीची आहेत. एकक बदलणं इथे बरोबर आहे. बदललेल्या आकड्याला लांबी समजणं चूक आहे.

एसआय पद्धतीच्या २०१९ च्या अधिकृत पुस्तिकेत, सोबत वापरायला मुभा असलेल्या एककांच्या तक्त्यातून अँगस्ट्रॉम वगळला गेला. स्फटिकशास्त्र आणि रचनात्मक जीवशास्त्राने तो तरीही सोडलेला नाही, आणि ते योग्यच वाटतं. ज्यात अणूंमधली अंतरं साधारण एक ते तीनच्या दरम्यान येतात, असं दुसरं सोयीचं माप नाही. प्रबंध लिहिणाऱ्याने आपल्या विषयातलं रूढ एकक वापरावं, पण पहिल्या उल्लेखात नॅनोमीटर किंवा पिकोमीटरही द्यावा. चिन्ह लिहिताना ‘ए’ अक्षराच्या डोक्यावरचं वर्तुळ डोक्यावरच ठेवावं. वहीत ते उजवीकडे घसरलं की अंशाचं चिन्ह होतं. सार्थ अंक तसेच राखावेत: १.५४ चे ०.१५४ होतात, ०.१५४०० होत नाहीत. तरंगलांबी असेल तर ती हवेतली की निर्वातातली, हे लिहिल्याशिवाय राहू नये. हायड्रोजनची तांबडी रेषा हवेत ६५६२.८ अँगस्ट्रॉमवर आणि निर्वातात ६५६४.६ वर येते, हा १.८ अँगस्ट्रॉमचा फरक दशांश चिन्ह कितीही घरं सरकवलं तरी भरून निघत नाही.